जुना पॅन परत केला. आता बँक, म्युच्युअल फंड आणि डीमॅटमधील नोंदी कोणत्या क्रमाने बदलाव्यात?

गोदाकाठ, नाशिक (१२ जून २०२४)

सर्वांना नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण तपशील दिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

मला पहिला पॅन २००७ मध्ये, पुण्यातील पहिल्या नोकरीच्या वेळी, माहेरच्या नावाने मिळाला. २०११ मध्ये लग्न झाले आणि आमच्याकडील रीतीप्रमाणे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. पुढच्या वर्षी पॅनवरील नाव बदलून घेण्यासाठी आम्ही एका एजंटाकडे कागदपत्रे दिली. त्याने सांगितले की पॅनमधील पाचवे अक्षर आडनावाचे असते, आडनाव बदलले की ते अक्षर चुकीचे ठरते, आणि म्हणून नवा क्रमांकच घ्यावा लागतो. माझ्या जुन्या क्रमांकातील पाचवे अक्षर खरोखरच ‘के’ आहे आणि सासरचे आडनाव ‘पी’पासून सुरू होते, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने दुरुस्तीच्या अर्जाऐवजी नवा पॅन मागण्याचा ४९ए हा अर्ज भरला आणि महिन्याभरात मला दुसरा पॅन आला.

तेव्हापासून पगार, विवरणपत्रे, आधारची जोडणी आणि फ्लॅटची खरेदी हे सगळे दुसऱ्या पॅनवर आहे. पहिला पॅन मात्र तीन ठिकाणी तसाच राहिला: सांगलीच्या बँकेत आईबरोबर संयुक्त नावाने असलेली ८ लाख रुपयांची मुदत ठेव, २००९ मध्ये सुरू केलेले म्युच्युअल फंडाचे दोन फोलिओ (फंडातील खाती), आणि वडिलांनी माझ्या नावाने उघडून दिलेले डीमॅट खाते. या तिन्हींकडे इतकी वर्षे कोणी वळून पाहिले नाही, ही चूक माझीच आहे.

यंदा मार्चअखेर ठेवीचे विवरण मागवले, तेव्हा सुमारे ५६,००० रुपये व्याजावर ९,८०० रुपये टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापायचा कर, कापलेला दिसला. पहिल्या तिमाहीत कपात १० टक्के दराने होती आणि नंतरच्या तीन तिमाहींत २० टक्क्यांनी. कारण उघड होते. पहिला पॅन आधारशी जोडलेला नसल्यामुळे १ जुलै २०२३ पासून तो निष्क्रिय झाला होता. मी घाबरून एप्रिलमध्ये दुरुस्तीचा अर्ज भरला, दुसरा पॅन कायम ठेवायचा असे लिहिले आणि पहिला परत केला. हातात फक्त पोचपावती आहे.

त्यानंतर मे महिन्यात सांगलीला गेले असता बँकेतील कर्मचाऱ्याने नवा पॅन संगणकात भरला, पडद्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, हे खाते दुसऱ्या बाईंचे आहे.” त्या दुसऱ्या बाई मीच आहे, हे सिद्ध करणारा कागद आणा, असे मला सांगण्यात आले. तो कागद कोणता, हे मात्र तिथे कोणालाही सांगता आले नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नोंदी कोणत्या क्रमाने बदलाव्यात? ३१ जुलैपूर्वी भरायच्या विवरणपत्रात हे ९,८०० रुपये मला मागता येतील का? आणि दोन पॅन बाळगल्याबद्दल दंड होईल का?

पेठकरी (१२ जून २०२४)

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जुना पॅन परत करण्याची घाई करायला नको होती. तो निष्क्रिय झालाच होता, तसाच पडू द्यायचा होता. माझ्या ओळखीत दोन पॅन असलेली निदान चार माणसे आहेत आणि कोणालाही आजपर्यंत नोटीस आलेली नाही. शिवाय एप्रिलमध्ये आयकर खात्याचे परिपत्रक आले आहे की ३१ मार्चपर्यंतच्या व्यवहारांवर जादा दराने कपात न केल्याबद्दल बँकांना जबाबदार धरणार नाहीत. ते दाखवून बँकेकडूनच पैसे परत मागा.

करसल्लागार, पुणे (१३ जून २०२४)

वरील दोन्ही सल्ले कृपया मानू नयेत. आयकर कायद्याच्या कलम १३९एनुसार एका व्यक्तीला एकाहून अधिक पॅन बाळगता येत नाहीत, आणि निष्क्रिय झालेला पॅन हाही बाळगलेला पॅनच असतो. तो पडू दिला असता तर ठेवीवर दरवर्षी २० टक्के कपात होत राहिली असती आणि ती रक्कम अशा क्रमांकावर साचली असती, ज्यावर परतावा दिला जात नाही. परिपत्रकाबद्दल म्हणाल, तर २३ एप्रिलचे ते परिपत्रक निष्क्रिय पॅन ३१ मेपर्यंत आधारशी जोडून पुन्हा सक्रिय करणाऱ्यांच्या बाबतीत आहे. एका आधारला एकच पॅन जोडता येतो, त्यामुळे ताईंच्या पहिल्या पॅनला ती वाट मुळातच बंद होती.

आता ताईंच्या प्रश्नांकडे येतो. दंडाची भीती सर्वांना सर्वांत जास्त वाटते, पण तिन्ही प्रश्नांत तो सर्वांत हलका आहे. कलम २७२बीमध्ये १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे हे खरे, परंतु म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय तो लावता येत नाही. ज्याने स्वतःहून क्रमांक परत केला आहे, ज्याच्या विवरणपत्रांत उत्पन्न लपवलेले नाही आणि ज्याचे दोन्ही पॅन नावातील बदलामुळे झाले आहेत, त्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ असते. माझ्या वीस वर्षांच्या व्यवसायात अशा प्रकरणात दंड झालेला मी पाहिलेला नाही. आपल्या बाबतीत एकच गोष्ट आधी तपासा. मागील वर्षांतील ठेवीचे व्याज आपण दुसऱ्या पॅनवरील विवरणपत्रात दाखवत होता का? दाखवत नसाल तर खरा प्रश्न तो आहे, आणि त्यासाठी समोरासमोर बसावे लागेल.

एजंटाच्या युक्तिवादाबद्दलही लिहितो, कारण तो अजूनही अनेक ठिकाणी ऐकू येतो. पाचवे अक्षर आडनावाचे असते हे बरोबर आहे, पण क्रमांक देताना जे आडनाव असेल त्याचे. पुढे लग्न, घटस्फोट किंवा राजपत्रातील बदल यांपैकी काहीही झाले तरी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो आणि कार्डावरील नाव तेवढे बदलते. सासरचे आडनाव ‘पी’ने सुरू होणाऱ्या आणि पॅनमध्ये ‘के’ असलेल्या लाखो स्त्रिया आहेत आणि त्यांचे काही अडत नाही.

विवरणपत्राबाबत माझा सल्ला असा आहे. ५६,००० रुपयांचे व्याज दुसऱ्या पॅनवरील विवरणपत्रात पूर्ण दाखवा. ते आपल्या वार्षिक माहिती विवरणात दिसणार नाही, कारण बँकेने ते पहिल्या पॅनवर कळवले आहे. पण न दिसणारे उत्पन्न हेही उत्पन्नच आहे. टीडीएसची रक्कम मात्र २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, दुसऱ्या पॅनवर आल्याशिवाय मागू नका. मागितल्यास प्रणालीला जुळवणी सापडत नाही, वजावट नाकारली जाते, कराची मागणी निघते आणि पुढचे सहा महिने ती मागणी निस्तरण्यात जातात. ती रक्कम येण्यासाठी बँकेला चारही तिमाहींच्या टीडीएस विवरणांची दुरुस्ती करून पहिल्या पॅनच्या जागी दुसरा टाकावा लागेल. हे काम शाखेत होत नाही. ते बँकेच्या टीडीएस विभागात होते, म्हणून अर्ज शाखेला द्या, पण त्यावर ‘टीडीएस विभागाकडे पाठवण्यासाठी’ असे स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. ३१ जुलैपर्यंत दुरुस्ती झाली तर उत्तमच. झाली नाही तर फरकाचा कर भरून मुदतीत विवरणपत्र भरा आणि नोंद आल्यावर ३१ डिसेंबरपूर्वी सुधारित विवरणपत्र भरून परतावा मागा. थोडे पैसे काही महिने अडकतील, पण नोटिशीला उत्तर देण्यापेक्षा ते परवडते. २० टक्क्यांची जादा कपात बँक परत देत नसते. ती विवरणपत्रातूनच परत येते.

एक गोष्ट आता उशिराची आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल. क्रमांक परत करण्यापूर्वी त्या पॅनवर आयकर विभागाच्या पोर्टलमध्ये प्रवेश करून आधीच्या सर्व वर्षांची २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणे उतरवून घ्यावीत. त्यातून आपण विसरलेले खाते, एखादा जुना लाभांश किंवा बंद झालेली आवर्ती ठेव नेमकी सापडते. ताईंना आता बँकेकडून चारही तिमाहींची, टीडीएस कापल्याची १६ए प्रमाणपत्रे मागून घ्यावी लागतील. ती पहिल्या पॅनवरच निघतील आणि दुरुस्तीच्या अर्जासोबत पुरावा म्हणून जोडता येतील.

निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर (१३ जून २०२४)

“हे खाते दुसऱ्या बाईंचे आहे” हे वाक्य वाचून हसू आले आणि वाईटही वाटले, कारण बसल्या जागेवरून त्या कर्मचाऱ्याला खरोखरच दोन बाया दिसत असतात. बँकेच्या संगणकात माणूस नसतो, ग्राहक क्रमांक असतो. आपला २००७ च्या सुमारास तयार झालेला ग्राहक क्रमांक माहेरच्या नावाचा आणि पहिल्या पॅनचा आहे. त्यावर दुसरा पॅन टाकला की प्रणाली तो पॅन आयकर विभागाच्या नोंदीशी पडताळते, तेथून सासरचे नाव येते आणि नोंद नाकारली जाते. म्हणून पॅन बदलण्याआधी नाव बदलावे लागते. आपण उलट क्रमाने सुरुवात केलीत, एवढाच गुंता आहे.

नावासाठी कोणता कागद लागतो, हे शाखेला सांगता आले नाही ही खेदाची गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) निर्देशांतच लिहिलेले आहे की ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदलले असेल, तर राज्य शासनाने दिलेला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील अधिसूचना जोडल्यास ते ओळखपत्र ग्राह्य धरावे. आपल्याकडे विवाहाचा दाखला असणारच. नसेल तर आधी तो काढा. विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा लागू असल्यामुळे आपल्या लग्नाची नोंद महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होऊ शकते, आणि उशिरा नोंदणीही करता येते.

शाखेत जाताना तीन वेगळे अर्ज न्या. पहिला नाव बदलण्याचा, त्यासोबत विवाहाचा दाखला आणि आधार. दुसरा पॅन बदलण्याचा, त्यासोबत दोन्ही पॅनकार्डांच्या प्रती, परत केल्याची पोचपावती आणि ‘दोन्ही क्रमांक मलाच दिलेले होते’ असे हमीपत्र. आमच्या वेळी हे हमीपत्र १०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेत असू. तिसरा अर्ज टीडीएस दुरुस्तीचा, वर सल्लागारांनी सांगितल्याप्रमाणे. तीनही मागण्या एकाच कागदावर लिहिल्या की एका टेबलावर अडलेला कागद पुढच्या दोन टेबलांनाही अडवतो, हे मी तीस वर्षे आतून पाहिले आहे.

आणखी एक बारकावा. त्याच बँकेच्या नाशिक शाखेत आपले सासरच्या नावाने खाते आहे का? असल्यास आपले दोन ग्राहक क्रमांक आहेत आणि ते एकत्र करून घ्यावे लागतील. एकत्र झाल्यावर दोन्हींकडील ठेवींचे व्याज मिळून टीडीएसची मर्यादा मोजली जाते, त्यामुळे आजवर न कापलेला टीडीएस पुढे कापला जाऊ शकतो. तेव्हा चकित होऊ नका.

ठेव संयुक्त आहे, म्हणून पावतीवर पहिले नाव कोणाचे आहे तेही पाहा. व्याज आणि टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातात. कपात आपल्या पॅनवर झाली, याचा अर्थ पहिले नाव आपले आहे. पैसे मुळात आईंचे असतील आणि केवळ सोयीसाठी आपले नाव वर लागले असेल, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याचा वेगळा विचार करा. शाखेने अर्ज घेऊन तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मी त्याच बाजूचा माणूस असलो तरी सांगतो, त्या तारखेची आठवण करून दिली की कागद हलतो.

सही जुनी, ठाणे (१५ जून २०२४)

माझे प्रकरण तुमच्याहून एक पायरी पुढचे होते. आमच्याकडे लग्नात वराने तांदळात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिले, म्हणजे आडनावाबरोबर पहिले नावही गेले. विवाहाच्या दाखल्यावर अर्थातच माहेरचेच नाव होते, त्यामुळे ‘अमुक म्हणजेच तमुक’ असे म्हणणारा एकही सरकारी कागद माझ्याकडे नव्हता. शेवटी महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली आणि त्या एका पानाने पुढची सगळी दारे उघडली. राजपत्राच्या त्या पानाच्या दहा रंगीत प्रती काढून ठेवा, हा माझा सल्ला. प्रत्येक जण ‘मूळ दाखवा, प्रत द्या’ म्हणतो आणि दुसऱ्यांदा गेलात की पुन्हा म्हणतो.

पण मला लिहायचे आहे ते सहीबद्दल. वर कोणीही तिचा उल्लेख केलेला नाही. पॅन आणि नाव या दोन्हींचे कागद पूर्ण असूनही माझा अर्ज बँकेने परत केला, कारण अर्जावरील सही जुन्या नमुना सहीशी जुळत नव्हती. काउंटरवरील मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, “काकू, बदल मागणारी व्यक्ती तीच आहे हे जुन्या सहीवरूनच ठरते. जुनी सही करा, मग नवी नोंदवू.” माझी माहेरची सही मराठीत होती. आडनावाचे शेवटचे अक्षर झाले की रेघ मागे न्यायची आणि तिच्याखाली दोन टिंबे द्यायची, ही लकब मी कॉलेजात एका मैत्रिणीचे पाहून उचलली होती. नंतरची सतरा वर्षे मी इंग्रजीत, सासरच्या आडनावाने सही करत आले. बाकावर बसून पैसे भरण्याच्या स्लिपच्या मागे मी ती सही पंधरा-वीस वेळा गिरवली. रेघ आठवली, टिंबे आठवली, पण हात माहेरच्या आडनावाच्या मध्यावर येऊन थांबत होता. चौथ्या स्लिपवर ती एका दमात उतरली, तेव्हा कुठे तिने अर्ज घेतला.

म्हणून सांगते, सांगलीला जाण्यापूर्वी घरात जुनी कागदपत्रे शोधा, पदवीचा अर्ज, जुने पासबुक, पहिल्या पॅनकार्डावरील सही, काहीही, आणि सराव करूनच जा. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत तर तुमच्याकडे २००९ चा अर्ज आहे आणि त्यावर जी सही असेल तीच चालेल. जुनी सही जमलीच नाही, तर बँक व्यवस्थापकाकडून नव्या सहीची साक्षांकित ओळख घ्यावी लागते, आणि तो एक वेगळाच फेरा आहे.

वितरक, डोंबिवली (१६ जून २०२४)

मी म्युच्युअल फंडाचा वितरक आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. येथे ओळखीची नोंद फंड कंपनीकडे नसते. ती केवायसी नोंदणी संस्थेकडे असते आणि ती पॅनवरच बेतलेली असते. त्यामुळे पहिल्या पॅनवरील केवायसी ‘दुरुस्त’ करून दुसऱ्या पॅनची होत नाही. दुसऱ्या पॅनवर आपली केवायसी आधीपासून आहे का ते पाहा. नसेल तर ती नव्याने करा आणि स्थिती ‘व्हॅलिडेटेड’ किंवा निदान ‘रजिस्टर्ड’ अशी आल्याशिवाय पुढे जाऊ नका. १ एप्रिलपासून नवे नियम आल्यामुळे सध्या हजारो लोकांची स्थिती ‘ऑन होल्ड’ दिसत आहे, तेव्हा तसे दिसले तर तो आपल्या दोन पॅनचाच परिणाम आहे असे समजू नका. आधार आणि पॅनवरील नाव, ईमेल आणि मोबाइल क्रमांक पडताळले की बहुतेकांचे प्रश्न सुटत आहेत.

केवायसी झाल्यावर दोन्ही फोलिओंसाठी त्या त्या निबंधकाकडे, म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेककडे, पॅन आणि नाव बदलण्याचा अर्ज द्या. फोलिओला जोडलेले बँक खाते माहेरच्या नावाचे असेल तर तेही आत्ताच बदला. एक मोह मात्र टाळा. हे सगळे किचकट वाटून अनेक जण म्हणतात, “युनिट विकूनच टाकते, नवीन पॅनवर पुन्हा घेते.” परत केलेल्या पॅनच्या फोलिओतून विक्री मुळात अडते, आणि एखाद्या ठिकाणी झालीच तर तो भांडवली नफा पुन्हा पहिल्या पॅनवर नोंदला जाईल. मग आज टीडीएसच्या ९,८०० रुपयांसाठी जे चालले आहे, तेच पुढच्या वर्षी मोठ्या रकमेसाठी करावे लागेल.

करसल्लागार, पुणे (१६ जून २०२४)

वरील दोघांनी सहीचा आणि विक्रीचा मुद्दा मांडला, हे फार चांगले झाले. मी फक्त क्रम स्पष्ट करतो, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि आम्ही सगळे आपापल्या टेबलाचेच बोललो.

एप्रिलच्या अर्जावर मिळालेली पोचपावती हा अर्ज दिल्याचा पुरावा आहे, क्रमांक रद्द झाल्याचा नव्हे. म्हणून आधी पोर्टलवर आपला अधिकारक्षेत्रीय कर निर्धारण अधिकारी कोण आहे ते शोधा आणि त्यांना साधे पत्र द्या. दोन्ही क्रमांक, ते कसे मिळाले, कोणता ठेवला, आणि पहिला रद्द केल्याचे लेखी कळवावे ही विनंती, एवढेच त्यात असावे. सोबत दोन्ही कार्डांच्या प्रती जोडा. अधिकाऱ्यांचे उत्तर मिळाले तर तोच तो कागद, जो सांगलीच्या शाखेला हवा होता आणि ज्याचे नाव त्यांना माहीत नव्हते. उत्तर येण्यास वेळ लागला तरी आवक शिक्का असलेली प्रत बहुतेक ठिकाणी चालते. त्यानंतर विवाहाचा दाखला देऊन सर्वत्र नाव बदलून घ्या, मग पॅन. त्यातही ठेव सर्वांत आधी, कारण तिथे दर तिमाहीला पैसे चुकीच्या क्रमांकावर जात आहेत आणि जूनची तिमाही संपायला पंधरा दिवस उरले आहेत. फंडाला तशी घाई नाही. डीमॅट शेवटी ठेवा, कारण डीमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी सहभागी संस्था इतर सर्व ठिकाणचे बदल झालेले पाहूनच हात लावतात, असा माझा अनुभव आहे.

फ्लॅटच्या दस्ताबद्दल आपण विचारले नाही, पण तो दुसऱ्या पॅनवर आहे, त्यामुळे तिथे काहीही करू नका. नोंदणीकृत दस्तात मागे जाऊन पॅन बदलण्याचा खटाटोप काही जण करतात. तो निष्कारण आहे. पहिल्या नोकरीतील भविष्यनिर्वाह निधीचे खाते शिल्लक असेल तर तेही पाहा. ते २०११ पूर्वीचे, म्हणजे यूएएन (निधीचा कायमस्वरूपी खाते क्रमांक) येण्याच्या आधीचे असल्यामुळे तिथे अडचण आली तर ती नावाची असेल, पॅनची नव्हे, आणि तिचा मार्ग जुन्या कंपनीच्या सहीने द्यायच्या संयुक्त घोषणापत्राचा आहे.

२००९ च्या सुमारास आपल्याकडे क्रेडिट कार्ड होते का? असल्यास आपला पतअहवाल दोन तुकड्यांत विभागलेला असू शकतो. चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो, तो मागवून पाहा. चूक दाखवल्यावर तीस दिवसांत निवारण झाले नाही तर रोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम या एप्रिलपासून लागू झाला आहे.

गोदाकाठ, नाशिक (२९ सप्टेंबर २०२४)

सर्वांचे मनापासून आभार. तीन महिन्यांनी लिहीत आहे, कारण काही हातात आल्यावरच लिहायचे ठरवले होते.

सल्लागार सरांनी विचारले होते त्याचे उत्तर आधी देते. मागील सहा वर्षांची विवरणपत्रे काढून पाहिली. व्याज प्रत्येक वेळी दाखवलेले होते, कारण आई दर एप्रिलमध्ये बँकेचे विवरण टपालाने पाठवत असे आणि आमच्या लेखापालांनी ते आकडे घातले होते. टीडीएस मात्र कधीच मागितलेला नव्हता. त्यातील जुन्या वर्षांची रक्कम आता बहुधा गेली, असे धरून चालले आहे.

निर्धारण अधिकाऱ्यांना पत्र २० जूनला दिले आणि शिक्का घेतला. त्यांचे लेखी उत्तर ऑगस्टमध्ये आले. तीन ओळींचे आहे, पण त्यात दोन्ही क्रमांक एका वाक्यात आहेत आणि मला तेवढेच हवे होते.

सांगलीला जाताना तीन वेगळे अर्ज नेले. सहीचा सराव दोन दिवस केला आणि तरीही तिथे पहिल्यांदा चुकले, कारण आईने घरी ठेवलेल्या पासबुकावर माझी जी सही होती ती ठेवीच्या अर्जावरील सहीपेक्षा आधीची निघाली. सुदैवाने आई सोबत होती आणि शाखेतील जुने शिपाई तिला ओळखत होते. व्यवस्थापकांनी समोर बसवून नवी सही साक्षांकित केली. नाव जुलैच्या पहिल्या आठवड्यात बदलले, पॅन त्यानंतर चार दिवसांनी. ठेवीवर पहिले नाव आता आईचे करायचे ठरले आहे, कारण पैसे तिचेच आहेत, पण ते फेब्रुवारीत नूतनीकरणाच्या वेळी.

टीडीएसची दुरुस्ती ३१ जुलैपूर्वी झाली नाही. तीस दिवस उलटल्यावर लोकपालाचा उल्लेख असलेले स्मरणपत्र पाठवले आणि दहा दिवसांनी चारपैकी तीन तिमाहींच्या रकमा २६एएसमध्ये दिसू लागल्या. चौथी, म्हणजे जानेवारी ते मार्चची, गेल्या आठवड्यात आली. विवरणपत्र मुदतीत, फरक भरून दिले होते. सुधारित विवरणपत्र ऑक्टोबरमध्ये भरणार आहे.

फंडाचे दोन्ही फोलिओ नव्या पॅनवर आले. विकण्याचा मोह झाला होता, हे कबूल करते. डीमॅटचे काम अजून बाकी आहे. त्यांनी अधिकाऱ्यांच्या पत्राची मूळ प्रत पाहायला मागितली आहे आणि ते पत्र सध्या बँकेच्या टीडीएस विभागाच्या फाइलमध्ये आहे.